दुधी भोपळा मूळचा कुठला?

मराठीत भोपळ्याला फारशी इज्जत नाही. परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळाला म्हणतात. कुणाचा गैरसमज दूर झाला की त्याच्या भ्रमाचा भोपळा फुटतो. दोन माणसांचं एकमेकांशी अजिबात पटत नसेल तर त्यांच्यात विळ्या-भोपळ्याएवढं सख्य असतं. आणि घरात दुधीची भाजी झाली की पोरं ताटावरून उठायची वाट बघतात. अशा फळभाजीवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर साधं आहे. माणसाने मुद्दाम लावलेल्या आणि जपलेल्या वनस्पतींमध्ये दुधीइतक्या जुन्या फार थोड्या आहेत. गहू-तांदळाच्या पंगतीला बसावा इतका तो म्हातारा आहे. त्याचा माग काढत गेलो तर कुरआन लागतो, आफ्रिका लागते, मिरजेची शिकलगार गल्ली लागते आणि शेवटी आपल्याला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्नही लागतो.

आधी एक घोळ मिटवू. भोपळा म्हटलं की आपल्यासमोर दोन वेगळी फळं येतात. एक लाल भोपळा, त्याला कुठे डांगर म्हणतात, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ. दुसरा दुधी. दोघं काकडी-कलिंगडाच्याच कुळातले, पण त्यांची नाती लांबची. लाल भोपळ्याचं फूल पिवळं, ते सकाळी उमलतं आणि मधमाश्यांना बोलावतं. दुधीचं फूल पांढरं, ते दिवस मावळताना उमलतं आणि रात्री उडणाऱ्या पतंगांची वाट बघतं. लाल भोपळा अमेरिका खंडातला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचण्याआधी आशिया, आफ्रिका किंवा युरोपात तो कुणी पाहिलाही नव्हता. म्हणून त्याआधीच्या अरबी, फारसी किंवा लॅटिन ग्रंथात 'भोपळा' आला की लाल भोपळा डोळ्यांसमोर आणू नये. बहुतेक वेळा तो दुधीच्याच जातीचा असतो. संस्कृतात त्याला अलाबु आणि तुंबी म्हणतात आणि अथर्ववेदात अलाबूच्या पात्राचा उल्लेख आहे. शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया. त्यातल्या पहिल्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या बाटलीत, सुरईत आहे. खायच्या फळाला शास्त्रज्ञांनी भांड्याचं नाव का दिलं, ते पुढे येईलच.

आमच्या मराठवाड्यात मुस्लिम घरांत दुधीला कद्दू म्हणतात. उत्तरेकडच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते, कारण त्याचा कद्दू म्हणजे लाल भोपळा आणि दुधी म्हणजे लौकी. लहानपणी आम्ही भावंडं कद्दूला नाकं मुरडायचो, तेव्हा अम्मीकडे एकच ब्रह्मास्त्र होतं. "हमारे नबी कू कद्दू पसंद था. चुपचाप खाओ." त्यापुढे काय बोलणार? मोठा झाल्यावर कळलं की अम्मीचं वाक्य नुसतं पोरांना गप्प करण्यासाठी नव्हतं. त्यामागे बुखारीतली हदीस आहे.

हजरत अनस बिन मालिक मदिनेत लहानपणापासून मुहम्मद पैगंबरांच्या (स.) सेवेत होते. ते सांगतात की एका शिंप्याने पैगंबरांना जेवायला बोलावलं. सोबत अनसही गेले. जेवण साधं होतं. जवाची भाकर आणि रस्सा, रश्श्यात सुकवलेल्या मांसाचे तुकडे आणि दुब्बा, म्हणजे दुधी. अनस यांनी पाहिलं की पैगंबर ताटात फिरून फिरून दुब्ब्याचे तुकडे शोधून घेताहेत. त्या दिवसापासून अनस यांनाही दुब्बा आवडू लागला. हदीस एवढीच. हिच्यात हुकूम नाही, मनाई नाही, सवाबाचा हिशोब नाही. एका पोराने आपल्या लाडक्या माणसाला काहीतरी आवडीने खाताना पाहिलं आणि त्यालाही ते आवडू लागलं. मला ही हदीस फार जवळची वाटते. यजमान एक कारागीर होता, कुणी सरदार नव्हता, हेही मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

आज आखाती देशांत दुब्बा म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर लाल भोपळा येतो, आणि रमजानच्या दिवसांत 'पैगंबरांची आवडती भाजी' म्हणून लाल भोपळ्याचे फोटो फिरत असतात. पण सातव्या शतकात मदिनेत लाल भोपळा असणं शक्यच नव्हतं. त्या शिंप्याच्या घरचा दुब्बा आपला दुधीच.

त्या रश्श्याचं वर्णन वाचल्यावर दख्खनच्या माणसाला दालचाच आठवेल. हरभऱ्याची डाळ, हाडासकट मटण, चिंचेचा कोळ, वरून कढीपत्त्याचा बघार आणि शेवटी टाकलेल्या दुधीच्या मोठ्या फोडी. फोडी मोठ्या हव्यात आणि त्या शेवटी टाकायला हव्यात, नाहीतर डाळीत विरून जातात. लग्नात बगारा खान्याबरोबर दालचा नसेल तर पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण घरी गेल्यावर बोलतात. आणि दालच्यात सगळ्यात आधी संपतो तो कद्दू, मटण नव्हे, कारण डाळीचा आंबटपणा आणि मटणाचा रस त्यानेच पिऊन घेतलेला असतो. "तुम्ही लोक भाज्याही खाता का?" असं मला ऑफिसात एकाने अगदी निरागसपणे विचारलं होतं. त्याला मी दालचा खायला घरी बोलावलं. तो आला, आणि त्याने ताटात शोधून शोधून दुधी खाल्ला.

कुरआनातही एक वेल आहे. सूरह अस-साफ्फातमध्ये हजरत यूनुस (अ.) यांचा किस्सा येतो. ते आपल्या लोकांवर चिडून निघून जातात. भरलेल्या जहाजात चढतात, चिठ्ठ्या पडतात, त्यांचं नाव निघतं आणि ते समुद्रात पडतात. मासा त्यांना गिळतो. माशाच्या पोटातल्या अंधारातली त्यांची दुआ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. पुढचा भाग मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. मासा त्यांना उजाड किनाऱ्यावर सोडतो. ते आजारी आहेत, अंगात त्राण नाही, डोक्यावर सावली नाही. तेव्हा अल्लाह त्यांच्यावर 'यक्तीन'चं झाड उगवतो. त्यानंतर त्यांना लाखभर किंवा त्याहून जास्त लोकांकडे पाठवलं जातं आणि ते लोक ईमान आणतात.

यक्तीन म्हणजे जमिनीवर पसरणारी, खोड नसलेली वेल. बहुतेक जुन्या भाष्यकारांनी ती दुब्ब्याची वेल मानली. चौदाव्या शतकात दमिश्कमध्ये लिहिणारे इब्ने कसीर तिचे गुणही नोंदवतात. ती झटपट वाढते, तिची पानं मोठी आणि मऊ असून सावली देतात, माश्या तिच्याजवळ फिरकत नाहीत, फळ कच्चंही खाता येतं आणि शिजवूनही. परसात एकदा दुधी लावलेल्या कुणालाही यातल्या पहिल्या दोन गोष्टी लगेच पटतील. पावसाळ्यात लावलेली वेल दोन महिन्यांत मांडव झाकून टाकते.

हीच कथा ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतही आहे आणि तिथे या वेलीच्या नावावरून एकदा मोठा गोंधळ झाला होता. हिब्रूत शब्द आहे 'किकायोन'. जुन्या ग्रीक भाषांतरात त्याचा भोपळा झाला, त्यावरून लॅटिनमध्येही भोपळाच आला आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच ऐकत आले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी बायबलचं नवं लॅटिन भाषांतर करताना भोपळ्याच्या जागी आयव्ही ही दुसरीच वेल घातली. ते भाषांतर आजच्या लिबियातल्या त्रिपोलीच्या चर्चमध्ये वाचलं गेलं तेव्हा लोक खवळले. पाठ असलेला शब्द बदलला म्हणून एवढा गदारोळ झाला की तिथल्या बिशपला गावातल्या ज्यूंकडे जाऊन मूळ शब्दाचा अर्थ विचारावा लागला. संत ऑगस्टिन यांनी हे सगळं जेरोमना पत्रातून कळवलं आहे. आजच्या अनेक अभ्यासकांच्या मते किकायोन हा एरंड असावा. म्हणजे हिब्रूत एरंड, लॅटिनमध्ये आधी भोपळा आणि मग आयव्ही, अरबीत यक्तीन. तिन्ही धर्मांच्या लोकांनी त्या एकट्या, दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आपापल्या ओळखीच्या पानांची सावली धरली.

आता भांड्याकडे येऊ. दुधी आपण कोवळा खातो. पण वेलीवरच पिकू दिला तर त्याची साल लाकडासारखी टणक होते, आतला गर सुकतो आणि हलवलं की बिया खुळखुळतात. वरून कापा, आतलं कोरून काढा, झालं भांडं. चाकाशिवाय, भट्टीशिवाय, मातीशिवाय. माणूस मातीची भांडी भाजायला शिकला त्याआधी जगातल्या अनेक भागांत पाणी वाहून नेण्यासाठी हेच साधन होतं. म्हणून अनेक शास्त्रज्ञांचं मत आहे की माणसाने दुधी प्रथम लावला तो खायला नव्हे, वापरायला. जंगली जातीच्या फळाची साल पातळ असते, ती लवकर कुजते. माणसाने जाड सालीची फळं निवडली, त्यांच्या बिया ठेवल्या, पुन्हा पेरल्या. हजारो वर्षांच्या या निवडीतून पाण्याचा तुंबा, भिक्षेचं पात्र, पळी, मासे पकडायच्या जाळ्याचा तरंगता गोळा, सगळं निघालं. साधूचा कमंडलू आणि फकिराचा तुंबा एकाच वेलीवरचे. जैन मुनींना ज्या मोजक्या प्रकारची पात्रं वापरायची मुभा होती त्यांतही भोपळ्याचं पात्र आहे.

आपल्या भाषेतही हा वापर मुरलेला आहे. सांगड म्हणजे मुळात पाण्यावर तरंगण्यासाठी दोन भोपळे, ओंडके किंवा होड्या एकत्र बांधून केलेलं साधन. आज आपण विचारांची सांगड घालतो, परंपरा आणि आधुनिकतेची सांगड घालतो, पण त्या शब्दाच्या तळाशी नदी ओलांडणारा माणूस आहे. माझे अब्बा गावातल्या विहिरीत पोहायला शिकले ते पाठीला वाळलेला भोपळा बांधून. प्लास्टिकचे डबे आले आणि भोपळा सुटला.

या भांड्यावरून हदीसमध्ये एक गोष्ट आहे आणि तिच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून अरबस्तानात नबीज नावाचं पेय करायचे. पोकळ भोपळ्यात, रोगणी मडक्यात, खजुरीच्या कोरलेल्या बुंध्यात किंवा डांबर लावलेल्या भांड्यात ते ठेवलं तर नकळत आंबायचं आणि त्याची दारू व्हायची. अब्दुल कैस टोळीचं शिष्टमंडळ मदिनेला आलं तेव्हा पैगंबरांनी त्यांना या भांड्यांत नबीज ठेवायला मनाई केली. त्यात पहिलं नाव दुब्ब्याचं आहे. ज्यांना दुब्बा खायला आवडायचा त्यांनीच दुब्ब्याचं भांडं बंद केलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे लोकांना दारू सोडण्याची सवय झाल्यावर ही मनाई उठवण्यात आली. सहीह मुस्लिममध्ये त्याची नोंद आहे. भांड्याने कुठली वस्तू हलाल किंवा हराम होत नाही, नशा आणणारी प्रत्येक गोष्ट मात्र हराम, असा तिचा आशय आहे. काळजी होती ती आत काय तयार होतं त्याची. भोपळ्याशी वैर नव्हतं.

मग हा भोपळा आला कुठून? शास्त्रज्ञांना या प्रश्नाने अक्षरशः दशकानुदशकं झुंजवलं. अडचण अशी होती की तो सगळीकडे जुना निघत होता. चीन-जपानमध्ये हजारो वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोतल्या ओहाका भागातल्या गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या विंडोव्हर या दलदलीतल्या दफनभूमीत सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. बाकीची पिकं बहुतेक आपापल्या खंडात होती. मका अमेरिकेत, गहू पश्चिम आशियात. कोलंबसच्या कितीतरी आधी महासागराच्या दोन्ही बाजूंना असलेलं हे पीक म्हणजे कोडंच होतं.

१९५४ मध्ये थॉमस व्हिटेकर आणि जॉर्ज कार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी साधा प्रयोग छापला. त्यांनी वाळलेले भोपळे समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवले. सात महिन्यांहून अधिक काळ पाण्यात राहूनही आतलं बी रुजत होतं. म्हणजे भोपळा समुद्र पार करू शकतो. पण केला का? २००४ मध्ये झिम्बाब्वेत जंगली दुधीची एक वस्ती सापडल्याची नोंद झाली आणि आफ्रिका हे मूळ असल्याचं पक्कं होत गेलं. २००५ मध्ये डीएनएवरून एक शोधनिबंध आला. त्याचं म्हणणं होतं की अमेरिकेतला भोपळा आशियातला, बहुधा अमेरिकेत गेलेल्या पहिल्या माणसांनीच तो सोबत नेला. २०१४ मध्ये अधिक तपशिलाने डीएनए वाचल्यावर निष्कर्ष उलटला. कोलंबसपूर्व अमेरिकेतला भोपळा आफ्रिकेच्या भोपळ्याच्या जवळचा निघाला. अटलांटिकच्या प्रवाहांचं गणित मांडलं तर आफ्रिकेतून सुटलेला भोपळा बी जिवंत असतानाच पलीकडे लागू शकतो, असंही दिसलं. तिकडे गेल्यावर मोठमोठ्या प्राण्यांनी तो खाऊन बी पसरवलं असावं, आणि मग माणसाने उचललं. पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांवरच्या भोपळ्यात तर आशियाई आणि अमेरिकन अशा दोन्ही खुणा सापडल्या आहेत.

म्हणजे तात्पर्य असं की दुधी मूळचा आफ्रिकेचा. तिथून तो आशियात आला, समुद्रावरून तरंगत अमेरिकेत गेला, आणि जिथे गेला तिथे माणसाने त्याला आपलं केलं.

समुद्रातून आफ्रिकेचा भोपळा आणखी एकदा अमेरिकेत गेला, पण तो प्रवास वेगळा होता. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून जहाजांत कोंबलेल्या माणसांना वाळक्या भोपळ्यावर कातडं ताणून, तारा चढवून वाद्य करायची कला येत होती. त्यांच्याजवळ काही नव्हतं, पण कला हातात होती. त्यातूनच पुढे बँजो झाला. त्याच पश्चिम आफ्रिकेत मुस्लिम घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या कोरा हे वाद्य वाजवतात, त्याचं पोट म्हणजे अर्धा कापलेला मोठा भोपळा. मालीचे तुमानी दियाबाते यांनी तो जगभर नेला. आणि आपल्याकडे गुजरातचे सिद्दी मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य वाजवतात, त्यालाही भोपळाच बांधलेला असतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या गावची भाषा बहुतेक विसरली गेली, पण भोपळ्यातून सूर काढायची रीत राहिली.

आता मिरज. सतार आणि तानपुऱ्याच्या खालचा तो मोठा गोल भाग लाकडाचा नसतो, भोपळ्याचा असतो, हे अनेक रसिकांनाही माहीत नसतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात भीमेच्या काठाला हे भोपळे पिकतात. खायच्या दुधीचेच भाऊ, पण चवीला कडू. कारागीर सांगतात की कडू असल्यामुळेच त्याला कीड लागत नाही. भोपळा वाळवून आणतात, पाण्यात भिजवून मऊ करतात, आतला गर आणि बिया काढतात, तोंडाला आकार देऊन पुन्हा वाळवतात. मग लाकडी गळा, पुढे पातळ तबली, नक्षी, रोगण, तारा आणि शेवटी जवारी. जवारी म्हणजे तारेखालच्या घोडीला अशी घासून बसवायची की सूर नुसता वाजणार नाही, उमलेल. हे काम यंत्राने होत नाही, कानाने होतं.

हे काम मिरजेत शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे हत्यारं बनवणारे, त्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं तेव्हा, १९ व्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. मिरज संस्थानच्या पटवर्धन राजांनी संगीताला आसरा दिला होता, त्याचं बळ मिळालं. आज त्यांचे वंशज सतारमेकर म्हणून ओळखले जातात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये गेल्यावर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आलं. आजही दरवर्षी उरुसात तिथे देशभरातले गवई हजेरी लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच काळात मोबाइलमधल्या तानपुऱ्याने खऱ्या तानपुऱ्याचं गिऱ्हाईक कमी केलं आहे आणि नव्या पोरांना दिवसभर भोपळा कोरण्यापेक्षा दुसरी नोकरी बरी वाटते. मानांकनाचा कागद पोट भरत नाही.

संगीताबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत हे मला माहीत आहे. तो वाद इथे सोडवायचा माझा इरादा नाही. पण मिरजेच्या एखाद्या सतारमेकरला कुणी 'हे हराम काम सोड' म्हणतं तेव्हा मला त्या दुब्ब्याच्या भांड्याची हदीस आठवते. भांड्यावरून निकाल देऊन मोकळं होणं सोपं असतं. आत काय भरलं आहे हे बघायला वेळ आणि माया लागते. त्या वाद्यावर कुणी काय गाईल हे कारागिराच्या हातात नाही. पंढरपूरच्या मातीत पिकलेला भोपळा नमाज पढून आलेल्या हातांनी कोरला जातो आणि कीर्तनात विणेकऱ्याच्या छातीशी लागतो, मैफलीत गवयाच्या मागे उभा राहतो. मला यात ईमानाला धोका दिसत नाही, हलाल रोजी दिसते.

दुसऱ्या बाजूचाही एक प्रश्न आहे. पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा एका सोसायटीतल्या गृहस्थांनी माझं नाव ऐकून विचारलं, "मूळचे कुठले?" मी म्हटलं, परभणी जिल्ह्यातले. ते थांबले नाहीत. "नाही, म्हणजे त्याच्याही आधीचे?" आमच्या घराण्याच्या जितक्या पिढ्या मला ठाऊक आहेत तितक्या गोदावरीच्या काठाला शेती करत आल्या. त्यांच्याही आधीचं गाव मी कुठून आणू? घर मिळालं नाही. कारण दिलं की आधीच कुणाला तरी शब्द दिलाय.

दुधीबद्दल वाचताना हा प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवत होता, पण उपमा ताणायची नाही. आम्ही काही समुद्रावर तरंगत आलो नाही. इथल्या बहुतेक मुसलमानांचे पूर्वज इथलेच, याच मातीतले, याच बोलीतले. दुधीचं बी तरी बाहेरून आलं, आमचं तेही नाही. पण समजा आलो असतो, तरी काय? कधी आलास यापेक्षा इथे काय केलंस हा प्रश्न मोठा नाही का? ज्याला आपण अस्सल मराठी स्वयंपाक म्हणतो त्यातली मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, साबुदाणा सगळं अमेरिका खंडातून आलं, तेही गेल्या चार-पाचशे वर्षांत. एकादशीची साबुदाण्याची खिचडी खाताना कुणी तिला तिचं मूळ गाव विचारत नाही. विचारूही नये. मूळ शोधणं हे शास्त्रज्ञाचं काम आहे आणि ते सुंदर काम आहे. त्यालाही एक उत्तर मिळवायला साठ वर्षं लागली आणि मधे ते बदललंही. दारात उभ्या असलेल्या माणसाला तोच प्रश्न विचारणं मात्र शास्त्र नव्हे.

जाता जाता एक घरगुती सूचना, कारण दुधीवर लिहून ती न देणं बरोबर नाही. दुधी चिरताना एक छोटी फोड चाखून बघा. आपल्या आया हे न चुकता करायच्या. कडू लागला तर अख्खा टाकून द्या, शिजवूही नका आणि त्याचा रस तर अजिबात पिऊ नका. त्या कडूपणात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. कडू रस पिऊन माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने समिती नेमली होती आणि तिनेही हेच सांगितलं. गोड निघाला तर दालचा करा. आमच्या मंडईतली भाजीवाली दुधीच्या ढिगाकडे बोट दाखवत सकाळी सकाळी ओरडत असते, "घ्या, गावरान दुधी घ्या!" आफ्रिकेतून निघालेल्या, दहा हजार वर्षं चालत आणि तरंगत आलेल्या या भाजीला ती गावरान म्हणते, आणि तिचं बरोबर आहे.